काम, कसोटी आणि मधली वाट



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे छापलेला विषय आपल्यापैकी काहींनी चष्मा पुसून पुन्हा वाचला असेल. प्रोग्रामची फाइल आणि तिच्या चाचणीची फाइल यांच्यामध्ये ये-जा कशी करावी, हा विषय कामगार संघटनेच्या माणसाने का घ्यावा, आणि वैशाखातल्या संध्याकाळी गावातील मंडळींनी तो का ऐकावा, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की, आज आपला पगार, विजेचे बिल, बँकेतील व्याज आणि निवृत्तीच्या दिवशी हातात पडणारी रक्कम ही सर्व प्रोग्राम ठरवितो. तो प्रोग्राम कोणी तरी पगारी माणूस खुर्चीवर बसून लिहितो. त्याचे काम बिनचूक उतरते की नाही हे त्याच्या हुशारीवर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या कामाची जागा कशी मांडली आहे यावरही असते. कामाची जागा हा तर माझा जन्माचा विषय. कॉलेजात मी गेलो नाही. जे शिकलो ते रात्रशाळेत, युनियनच्या कचेरीतील कपाटातून आणि गेली काही वर्षे संगणकासमोर बसून. तेव्हा पंडिती भाषेची अपेक्षा आपण माझ्याकडून ठेवू नये.

प्रथम कारखान्यातील एक साधी वस्तू आपल्यासमोर ठेवतो. लेथवर भोक कोरणाऱ्या टर्नरला त्या भोकाचे माप तपासण्यासाठी प्लग गेज देतात. हे गेज म्हणजे पोलादाचा छोटा दांडा. त्याचे एक टोक 'गो' आणि दुसरे 'नो-गो'. गो टोक भोकात गेले पाहिजे, नो-गो टोक जाता कामा नये. दोन्ही गोष्टी जमल्या की नग पास. आकडेमोड नाही, वादविवाद नाही, साहेबांची सही नाही. आता हे गेज यंत्राशेजारी खुंटीला टांगलेले असेल तर टर्नर दर दोन-चार नगांनंतर ते लावून पाहतो. तेच गेज खात्याच्या पलीकडच्या टोकाला टूलरूममध्ये, टोकन देऊन आणावयाचे असेल, तर तो सकाळी एकदा आणि जेवणाच्या सुटीनंतर एकदा तपासतो. मधल्या वेळात हत्याराची धार झिजली की निघालेला सगळा माल भंगारात जातो आणि मेमो टर्नरच्या नावाने निघतो. अशा मेमोंच्या चौकश्यांत मी पंचवीस वर्षे बसलो आहे. व्यवस्थापक म्हणतात, माणूस निष्काळजी आहे. मी पावले मोजून आणतो आणि सांगतो, साहेब, गेज एकशे चाळीस पावलांवर आहे.

आजचा आपला विषय हाच आहे. फरक इतकाच की गेज पोलादाचे नाही आणि पावले बोटांनी टाकावयाची आहेत.

प्रोग्राम म्हणजे संगणकाने काय करावयाचे याची लेखी आज्ञा. माणसाने ती जशी लिहिली तशीच, साध्या अक्षरांत, ज्या फाइलीत राहते तिला कोडची फाइल म्हणतात. मोठ्या प्रोग्राममध्ये अशा फाइली हजारांनी असतात. उदाहरणासाठी आपल्या घराघरांतले एक गणित घेऊ: ग्रॅच्युइटी. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने तिचे सूत्र घालून दिले. शेवटच्या महिन्याचा पगार, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, याला २६ ने भागावयाचे, १५ ने गुणावयाचे आणि आलेल्या रकमेस नोकरीच्या वर्षांनी गुणावयाचे. वर्षे मोजताना शेवटी उरलेला तुकडा सहा महिन्यांहून अधिक असेल तर तो पूर्ण वर्ष धरावयाचा. समजा पगार २६,००० रुपये आणि नोकरी १० वर्षे ७ महिने. दर वर्षाचे १५,००० झाले, वर्षे ११ धरली, एकूण १,६५,००० रुपये. तोच माणूस बरोबर १० वर्षे ६ महिन्यांनी निवृत्त झाला, तर तुकडा सहा महिन्यांहून अधिक नाही; वर्षे १० आणि रक्कम १,५०,०००. एका महिन्यात पंधरा हजारांचा फरक.

हे सूत्र कोडमध्ये पाच-सहा ओळींत मावते. पण त्या पाच-सहा ओळींत चुकण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. महिने गाळून केवळ पूर्ण वर्षे मोजली, तर सात महिने जादा काम केलेल्या माणसाचे पंधरा हजार गेले. 'सहाहून अधिक' याऐवजी 'सहा किंवा अधिक' लिहिले, तर मालकाचे गेले. पहिल्या तऱ्हेची चूक मी एका कारखान्यात डोळ्यांनी पाहिली आहे. तेथील पगारपत्रकाचा प्रोग्राम महिन्यांकडे पाहतच नव्हता. रक्कम छापील कागदावर, पैशापर्यंत आकडे देऊन येत असे, आणि छापलेल्या आकड्याशी भांडण्याची आपल्याकडे रीत नाही. एका फिटरच्या शाळकरी मुलीने वहीत हिशेब मांडला, म्हणून ते उघडकीस आले.

त्या मुलीने वहीत जे केले, तेच प्रोग्रामर दुसऱ्या एका फाइलीत करून ठेवतो. तिला चाचणीची फाइल म्हणतात. त्या फाइलीत असे लिहिलेले असते: पगार २६,०००, नोकरी १० वर्षे ७ महिने, उत्तर १,६५,००० आलेच पाहिजे. पगार तोच, नोकरी १० वर्षे ६ महिने, उत्तर १,५०,००० आले पाहिजे. अकरावे वर्ष मिळता कामा नये. ही गो आणि नो-गो अशी दोन टोकेच झाली. एक आज्ञा दिली की संगणक सर्व चाचण्या चालवून पाहतो. उत्तरे जुळली तर हिरवी खूण, एकही चुकले तर तांबडी. आज लिहिलेली चाचणी पुढल्या वर्षी, लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावरही, तशीच चालविता येते. कंत्राटावर माणसे येतात नि जातात अशा धंद्यात या गोष्टीचे मोल फार आहे. गेलेल्या माणसाचे शहाणपण कारखान्यात राहते ते येथे.

ही रीत रूढ करणाऱ्यांत केंट बेक या अमेरिकन प्रोग्रामरचे नाव प्रथम घ्यावे लागेल. त्याने १९९४ मध्ये स्मॉलटॉक या भाषेसाठी चाचण्या लिहिण्याची एक छोटी चौकट प्रसिद्ध केली. १९९७ मध्ये झुरिकहून अटलांटा येथील परिषदेस जाताना त्याने आणि स्वित्झर्लंडच्या एरिक गामा याने विमानात बसल्या बसल्या तीच कल्पना जावा भाषेसाठी उतरवून काढली. तिचे नाव जेयुनिट. पुढे जवळपास प्रत्येक भाषेत तिची भावंडे निघाली. बेकचा आग्रह असा की चाचणी आधी लिहावी. आधी तांबडी खूण पाहावी, मग ती हिरवी होण्यापुरता कोड लिहावा, मग तो कोड नीटनेटका करावा, आणि पुन्हा पुढची चाचणी. एक फेरा काही मिनिटांचा.

येथे अंतराचा प्रश्न उभा राहतो. असे काम करणारा माणूस कोडमधून चाचणीत आणि चाचणीतून कोडमध्ये दिवसभर खेपा घालीत असतो. खेप कशी होते पाहा. पडद्याच्या डाव्या बाजूस फाइलींची उतरंड असते, तेथे जावयाचे. कोडचा कप्पा मिटावयाचा, चाचण्यांचा उघडावयाचा, त्यातला आतला कप्पा, त्याच्याही आतला, मग पन्नास नावांतून हवे ते नाव हुडकावयाचे. दहा-पंधरा सेकंद लागतात. पाय दुखत नाहीत हे खरे, पण डोक्यात धरून आणलेली गोष्ट वाटेत सांडते. 'सहाहून अधिक की सहा किंवा अधिक' हा प्रश्न घेऊन निघालेला माणूस पोहोचेपर्यंत नाव शोधण्यात गुंततो. तीन-चार वेळा असे झाले की तो जाणे सोडतो आणि 'संध्याकाळी सगळ्या चाचण्या एकदम पाहू' असे म्हणतो. टूलरूमचा टर्नर आणि हा, दोघे एकाच जातीचे.

हे अंतर कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, गेज कोठे टांगावे ते ठरविणे. दुसरा, तेथे पोहोचण्याची वाट बांधणे.

पहिल्याबाबत निरनिराळ्या भाषांचे निरनिराळे घराणे आहे. जावामध्ये, मेव्हन या साधनाने रूढ केलेल्या मांडणीनुसार, दोन समांतर वाडे असतात: एकात सर्व कोड, दुसऱ्यात सर्व चाचण्या. दोन्ही वाड्यांतील खोल्यांची रचना हुबेहूब सारखी. पगाराचा कोड ज्या खोलीत, त्याच नावाच्या खोलीत पलीकडे त्याची चाचणी, आणि फाइलीच्या नावाअखेर 'टेस्ट' हा शब्द. रुबी ऑन रेल्स ही २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली चौकटही बहुतांशी अशीच समांतर मांडणी करते. गूगलने २००९ मध्ये जाहीर केलेल्या गो भाषेने (या 'गो'चा गेजच्या गोशी काही संबंध नाही) दोन वाड्यांचा थाट ठेवलाच नाही. कोडची फाइल आणि तिची चाचणी एकाच खोलीत, शेजारी शेजारी. चाचणीच्या नावाला 'टेस्ट' हे शेपूट लावले की झाले. प्रोग्राम बांधताना ते शेपूट असलेल्या फाइली आपोआप वगळल्या जातात. रस्ट भाषा आणखी पुढे गेली. तेथे लहान चाचण्या कोडच्याच फाइलीत, तळाशी वेगळा भाग करून लिहिण्याची पद्धत आहे. म्हणजे गेज यंत्राच्या अंगालाच बसविलेले. प्रवासच नाही.

आपण विचाराल, मग सगळ्यांनी रस्टसारखेच का करू नये? फाइल लांबते, आणि लांबलेल्या फाइलीत वर-खाली फिरणे हाही प्रवासच असतो. शिवाय काही चाचण्या एका फाइलीच्या नसतातच. त्या दहा फाइलींनी मिळून केलेल्या कामाच्या असतात. अशांसाठी रस्टमध्येही वेगळा कप्पा ठेवतात. मला स्वतःला गोची पद्धत पसंत आहे. कप्पा उघडताच कोणत्या कोडला चाचणी आहे आणि कोणता उघडाबोडका आहे, ते नुसत्या यादीवरून दिसते. हजेरीपत्रकावर रिकामी चौकट दिसावी तसे.

आता वाट. कोड लिहिण्याच्या साधनाला एडिटर म्हणतात. हा वृत्तपत्राचा संपादक नव्हे. हे सुताराचे बाक आहे असे समजा. त्यावर हत्यारे हाताशी लावलेली असतात. बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय याने १९७६ मध्ये व्हीआय नावाचा एडिटर लिहिला. त्याचा वारस म्हणजे ब्राम मोलेनार या डच गृहस्थाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला व्हिम, आणि तो आजही असंख्य लोक वापरतात. या दोन्हींत एक जुनी सोय आहे. कंट्रोलची कळ आणि सहाच्या आकड्यावरील टोपीचे चिन्ह दाबले की ज्या फाइलीतून आलात तेथे परत जाता. पुन्हा दाबले की पुन्हा इकडे. कोड आणि चाचणी एकदा हाताने उघडून ठेवली की दोहोंत झोके घेता येतात. पण ही सोय समजूतदार नाही. ती केवळ मागचे दार जाणते. मध्येच तिसरी फाइल उघडली की जोडी मोडली.

खरी युक्ती वेगळी आहे, आणि ती चाचण्यांच्या आधीपासूनची आहे. सी भाषेत प्रत्येक कामाच्या दोन फाइली असत: एक जाहीरनाम्याची, एक प्रत्यक्ष कामाची. नाव एकच, शेपूट वेगळे. म्हणून सीचे प्रोग्रामर एडिटरला सांगून ठेवीत की, शेपूट बदलून जी फाइल सापडेल ती जोडीदार. ईमॅक्स या दुसऱ्या जुन्या एडिटरमध्ये अशा 'दुसऱ्या फाइली'कडे उडी मारण्याची आज्ञा अंगभूतच आहे. चाचण्यांचे युग आल्यावर तीच युक्ती कामी आली. समोर कोणती फाइल आहे तिचे नाव घ्यावयाचे. 'कोड' वाड्याच्या जागी 'चाचणी' वाडा घालावयाचा. नावाला 'टेस्ट' जोडावयाचे. त्या नावाची फाइल असेल तर उघडावयाची. परत येताना हेच उलटे. यात बुद्धिमत्ता म्हणाल तर टपाल्याइतकी: पत्ता नियमाने लिहिलेला असेल तर पत्र पोहोचते.

टिम पोप या प्रोग्रामरने व्हिमसाठी रेल्सची जोडणी लिहिली. तिच्यात कोलन आणि मोठा ए टाइप करून एंटर दाबले की जोडीदार फाइल उघडते. रेल्समध्ये सर्वांची घरे एकाच आराखड्याची, म्हणून हे सोपे होते. इतरांच्या घरांसाठी त्यानेच पुढे प्रोजेक्शनिस्ट नावाचे साधन केले. प्रकल्पाच्या मुळाशी एक छोटी फाइल ठेवावयाची आणि तिच्यात आपला पत्त्याचा नियम लिहावयाचा: अमुक कप्प्यातील अमुक नावाचा जोडीदार तमुक कप्प्यातील तमुक. ईमॅक्ससाठी बल्गेरियाच्या बोझिदार बात्सोव्ह याने प्रोजेक्टाइल नावाची जोडणी केली. तिच्यातील आज्ञेचे नावच 'कोड आणि चाचणी यांच्यामध्ये अदलाबदल' अशा अर्थाचे आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा २०१५ मध्ये आलेला एडिटर सध्या तरुण मंडळींच्या हाती सर्वत्र दिसतो. तो उभा करण्याच्या कामात विमानातला तो एरिक गामाच पुढारी होता. गो भाषेसाठी त्याला जी जोडणी मिळते, तिच्यातही चाचणीच्या फाइलीकडे जाऊन परत येण्याची आज्ञा आहे.

माझे मन जिने जिंकले ती सोय इंटेलिजे या एडिटरमधली. तेथे कंट्रोल, शिफ्ट आणि टी या तीन कळा एकदम दाबावयाच्या. चाचणी असेल तर तिच्याकडे जाता येते. अनेक असतील तर यादी पुढे येते. आणि एकही नसेल, तर तो गप्प बसत नाही. नवी चाचणी तयार करावयाची का, असे विचारतो. या विचारण्याची किंमत मला मोठी वाटते. लेथवरच्या माणसाने गेज घेण्यासाठी खुंटीकडे हात नेला आणि खुंटी रिकामी निघाली, तर त्याला त्याच क्षणी ते कळले पाहिजे. वर्षअखेरीच्या तपासणीत नव्हे.

पडदा रुंद असेल तर आणखी साधा उपाय आहे: तो उभा दुभागावा. डावीकडे कोड, उजवीकडे चाचणी. मान वळली की झाले. संगणकावर काम करणारी आमची पोरे कंपनीकडे दुसरा पडदा मागतात, तेव्हा वरिष्ठ त्याला चैन म्हणतात. ती चैन नाही, ती खुंटी आहे, असे मी वाटाघाटीत सांगितलेले आहे. तथापि लहान पडद्यावर दोन अर्धी पाने वाचण्यापेक्षा एक पूर्ण पान आणि एक कळ बरी.

आता या व्यवस्थेच्या मर्यादा. नावावरून जोडी ओळखणारा एडिटर नावापलीकडे काही जाणत नाही. ग्रॅच्युइटीच्या कोडला 'ग्रॅच्युइटी टेस्ट' नावाची फाइल आहे, एवढे तो सांगेल. तिच्यात सहा महिन्यांची कड तपासली आहे की नाही, ते तो सांगणार नाही. रिकामी फाइल योग्य नावाने ठेवली तरी कळ बिनतक्रार तेथे नेईल. कोणत्या चाचणीने कोडची कोणती ओळ प्रत्यक्ष चालविली, हे मोजणारी वेगळी साधने आहेत, आणि ती जरूर वापरावीत. पण त्यांच्याकडूनही ओळ चालली एवढेच कळते. ती योग्य आकड्यांनी चालली का, हे माणसानेच वाचावयाचे.

दुसरी गोष्ट व्यवस्थेची. काही कंपन्यांत कोड लिहिणारे वेगळे आणि चाचण्या लिहिणारे वेगळे असतात; त्यांचे कप्पे वेगळे, कधी कधी शहरेही वेगळी. स्वतंत्र तपासणी असावी, याबद्दल माझे दुमत नाही. कारखान्यातही इन्स्पेक्शन खाते असते. पण इन्स्पेक्शन आहे म्हणून टर्नरच्या खुंटीवरचे गेज काढून घेतलेले मी पाहिले आहे, आणि त्यानंतर भंगार वाढल्याचेही पाहिले आहे.

मग आपल्यासारख्या नागरिकांचा यात संबंध काय? कोडची फाइल सामान्य माणसाला वाचता येत नाही. चाचणीची फाइल मात्र, थोडी मदत केली तर, कोणालाही वाचता येते: इतका पगार, इतकी वर्षे, इतके रुपये. आमच्या युनियनच्या कचेरीत ग्रॅच्युइटी काढण्याचा एक लहान प्रोग्राम पायथन भाषेत केलेला आहे. त्याच्या चाचण्या पायटेस्ट या साधनाने चालतात. ते नावाच्या पुढे किंवा मागे 'टेस्ट' असलेल्या फाइली आपण होऊन शोधून काढते. निवृत्त होणारा सभासद हिशेबाबद्दल शंका घेऊन आला की आमचा कार्यकर्ता त्याला कोड दाखवीत बसत नाही. कळ दाबतो, चाचणीचे पान उघडतो, सभासदाची वर्षे-महिने नवी ओळ म्हणून लिहितो आणि त्याच्या देखत चालवून दाखवितो. गिरणीतून निवृत्त झालेल्या एका मावशींनी असेच पान पाहून विचारले होते, "आणि बरोबर सहाच महिने असले तर?" प्रोग्रामरच्या तोंडून निघावा असा तो प्रश्न होता.

असे पान दाखविण्याची सोय नसली म्हणजे काय होते, याचे मोठे उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तेथील पोस्टाने १९९९ पासून होरायझन नावाची संगणकीय हिशेबपद्धती उपडाकघरांत आणली. तिने दाखविलेल्या तुटीच्या आधारे १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक उपडाकपालांना चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरविण्यात आले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांची घरे गेली. पद्धतीतच दोष होते हे २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने मान्य केले, आणि २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या. एखादी कळ असती तर हे टळले असते, असे पोरकट विधान मी करणार नाही. पण काउंटरमागच्या माणसाला 'हा आकडा कसा आला ते दाखवा' असे म्हणण्याची वाट नव्हती, आणि म्हणणाऱ्यावरच खटला भरला गेला, एवढे त्या प्रकरणातून उघड दिसते.

शेवटी एक ताजी अडचण सांगतो, कारण ती आमच्यावर नुकतीच आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा तिच्यात विलीन झाला. पंधरा भागिले सव्वीस हे सूत्र राहिले, पण वेतन कशाला म्हणावे याची व्याख्या बदलली, आणि मुदतीच्या करारावरील कामगाराला करार संपल्यावर ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी पाच वर्षांची अट राहिली नाही. आमच्या तरुण कार्यकर्त्याने उत्साहाने कोडच्या फाइलीचे नाव बदलून नव्या संहितेचे केले. चाचणीचे नाव जुनेच राहिले. त्या क्षणापासून कळ दाबली की जोडीदार सापडेना. चाचण्या चालत होत्या, हिरव्याही होत होत्या, पण कोडमधून त्यांच्याकडे जाण्याची वाट तुटली होती. अशा पोरक्या चाचण्या जुन्या प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी आढळतात. कोणी पाहत नाही, कोणी सुधारीत नाही, आणि एके दिवशी कोणी तरी 'ही कशाची फाइल?' म्हणून काढून टाकतो. काही एडिटर कोडचे नाव बदलताना जोडीच्या चाचणीचेही नाव बदलू का असे विचारतात. जेथे विचारीत नाहीत, तेथे दोन्ही नावे एकाच बैठकीत बदलण्याचा नियम घालून घ्यावा.

आम्ही अखेर दोन जोड्या केल्या. २१ नोव्हेंबरपूर्वी निवृत्त झालेल्यांचे तंटे अजून चालू आहेत, त्यांना जुना हिशेब लागतो. म्हणून १९७२ चा कोड आणि त्याची चाचणी जशीच्या तशी ठेवली. नव्या संहितेसाठी काम चाचणीकडून सुरू केले. मुदतीच्या करारावर तीन वर्षे काम केलेला कामगार, शेवटचे वेतन २६,०००, अपेक्षित रक्कम ४५,०००, अशी पहिली ओळ लिहिली. चालविली तेव्हा तांबडी आली, कारण कोडमध्ये पाच वर्षांची जुनी अट तशीच होती. कळ दाबून कोडमध्ये गेलो, अट दुरुस्त केली, कळ दाबून परत आलो. वेतनाच्या नव्या व्याख्येच्या ओळी अजून लिहून व्हावयाच्या आहेत. कोणता भत्ता वेतनात धरावयाचा याची यादी वकिलांकडून आली की त्या प्रथम चाचणीच्या पानावर चढतील.